वाट आणि थर : नाशिक-मुंबई मार्गावरील भूशास्त्रीय निरीक्षणांची चिकित्सा

१

सह्याद्रीच्या खडकांविषयीचे आरंभीचे बरेचसे लेखन हे वाटसरूंचे लेखन आहे. कोणी लष्करी अंमलदार, कोणी शस्त्रवैद्य, कोणी सर्वेक्षण खात्याचा अधिकारी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असतो. जाताना डोंगरांचे उतार, ओढ्यांची पात्रे, दरडी आणि विहिरी पाहतो व टिपणे करतो. पुढे ह्या टिपणांचा निबंध होतो आणि निबंधातून सिद्धांत उभा राहतो. सिद्धांताची परीक्षा पुढील अभ्यासक कसोशीने करतात. टिपणांची परीक्षा त्या मानाने कमी होते. आणि ज्या वाटेवर ती टिपणे घडली त्या वाटेची परीक्षा सहसा होतच नाही. वाट ही केवळ सोय आहे, ज्ञानाशी तिचा संबंध नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात नाशिक-मुंबई मार्गाच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

ह्या मार्गाची निवड सकारण आहे. नाशिकहून इगतपुरीपर्यंत सुमारे ६०० मीटर उंचीचे पठार, तेथे थळ घाट अथवा कसारा घाट, घाटाखाली शहापूरचा डोंगराळ मुलूख, पुढे कल्याणची सखल भूमी आणि अखेरीस मुंबईची बेटे, असा हा क्रम आहे. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांच्या ह्या अंतरात दख्खनच्या लाव्हाप्रदेशाचे पठार, कडा आणि किनारा ही तिन्ही रूपे एकापाठोपाठ एक भेटतात. शिवाय नाशिक आणि किनारा ह्यांचा संबंध पुरातन आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे नाशिकचा परिसर आणि सोपारा, ही नावे एकाच दानांच्या यादीत येतात. नद्यांवरील नावांची व धर्मशाळांची सोय केल्याचाही तेथे उल्लेख आहे. घाटावरून समुद्राकडे जाणारा माणूस हा ह्या प्रदेशाच्या इतिहासातील जुनाच नायक होय. भूशास्त्रज्ञ त्या वाटेवर फार उशिरा आला.

२

दख्खनच्या खडकांचे पहिले विस्तृत शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) ह्यांचे, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक म्हणून १८२४ पासून त्यांनी दख्खनमध्ये वर्षानुवर्षे फिरती केली. त्यांचा दख्खनच्या एका भागावरील निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत १८३६ साली प्रसिद्ध झाला. पक्षी, मासे, हवामान, लोकसंख्या, भूमी ह्या सर्वांवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी त्यांची दृष्टी होती. वायुभारमापक बरोबर बाळगून उंची मोजीत जाण्याची त्यांची सवय त्या काळी विशेषच म्हटली पाहिजे.

ह्या लेखनाचे दोन विशेष पुढे परंपरेत कायम राहिले. पहिला शब्दाचा. स्वीडिश भाषेतील जिन्याच्या अर्थाच्या शब्दापासून आलेली 'ट्रॅप' ही युरोपीय संज्ञा दख्खनच्या खडकांना चिकटली, आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे डोंगर पाहता ती अन्वर्थकही होती. दुसरा विशेष निरीक्षणाचा. हे थर दूरवर आडवे पसरले आहेत, कठीण आणि मऊ थर आलटूनपालटून येतात, आणि त्यामुळेच डोंगरांना पायऱ्यांचे रूप येते, ही गोष्ट साइक्स ह्यांनी ठसठशीतपणे मांडली. नाशिकहून इगतपुरीकडे निघालेल्या कोणाही प्रवाशाला आजही हेच दिसते. अंजनेरी, ब्रह्मगिरी अथवा कळसूबाईची रांग, कोठेही पाहिले तरी काळ्या कातळाचे पट्टे क्षितिजाला समांतर धावताना दिसतात.

तथापि ह्या निरीक्षणाच्या पोटात एक अडचण दडलेली होती. 'आडवे' हे विशेषण डोळ्याने दिलेले आहे. आज असे निश्चित झाले आहे की पश्चिम घाटातील थर एकंदरीने दक्षिणेकडे अतिशय मंदपणे कललेले आहेत. हा कल एका अंशाहूनही कमी आहे. अर्ध्या अंशाचा कल डोंगराच्या एका कड्यावर दिसणे अशक्य. परंतु तेवढाच कल शंभर किलोमीटर टिकला तर थर सुमारे ८७० मीटर खाली जातो, म्हणजे इगतपुरीचा सबंध घाट त्यात दोनदा बुडेल आणि तरीही काही उरेल. ह्याच कारणाने नाशिक-इगतपुरीच्या बाजूस जुने थर उघडे पडले आहेत आणि दक्षिणेस महाबळेश्वराच्या माथ्यावर नवे थर भेटतात. नाशिकहून मुंबईस जाणारी वाट ईशान्येकडून नैऋत्येकडे जाते. ती ह्या कलाला तिरकी छेदते. त्यामुळे ह्या वाटेवरून जाणाऱ्याला कल न दिसणे हे त्याच्या दुर्लक्षाचे फळ मानता येत नाही. ती त्या वाटेचीच मर्यादा होय.

येथे साइक्स ह्यांच्यावर साधनांच्या उणिवेचा आक्षेप घेणे सोपे आहे, परंतु तो न्याय्य नाही. वायुभारमापकाला काहीशे मीटरांचा फरक सहज कळतो. खरी उणीव निराळीच होती. एका डोंगरातील अमुक थर तोच दुसऱ्या डोंगरातील अमुक थर होय, हे ओळखण्याची खूण कोणापाशीच नव्हती. सर्व थर काळे, सर्व कठीण-मऊ क्रमाने येणारे, जीवाश्मांचा आधार जवळजवळ नाही. अशा वेळी समान उंचीवर दिसणारी पायरी हाच समान थर, असे मन नकळत धरून चालते. आडवेपणाच्या निरीक्षणावरून थरांची ओळख ठरवावयाची, आणि त्या ओळखीवरून पुन्हा आडवेपणा सिद्ध करावयाचा, असे हे वर्तुळ आहे. प्रवाशाच्या भूशास्त्राचा मूळ प्रश्न उंचीचा वा कलाचा नसून ओळखीचा आहे. पुढील दीडशे वर्षांच्या लेखनाकडे ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

३

ह्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडून झालेले लेखन अगदी वेगळ्या स्वभावाचे आहे. मुंबईतील शस्त्रवैद्य हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) ह्यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर १८५२ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. पश्चिम हिंदुस्थानावरील भूशास्त्रीय निबंधांचा संग्रहही त्यांनीच संपादून १८५७ साली प्रसिद्ध केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन ह्यांचा मुंबई बेटावरील वृत्तांत १८६६ सालचा आहे. हे निरीक्षण वाटसरूचे नाही. ते रहिवाशाचे अथवा मुक्काम ठोकून पाहणाऱ्याचे आहे. म्हणूनच बारीक तपशिलात ते साइक्स ह्यांच्या पुढे जाते. वरळी आणि मलबार हिल ह्यांच्या रांगेखाली लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यात साचलेले गाळाचे खडक आहेत. त्यांत लहानशा बेडकांचे अवशेष सापडले, आणि रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४७ सालीच त्यांचे वर्णन केले होते. घाटावर ज्याची वाण होती तो जीवाश्मांचा पुरावा येथे बेटावर हाताशी आला.

आणखी एक गोष्ट येथे आढळते. मुंबईतील थर आडवे नाहीत. ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, सुमारे दहा ते पंधरा अंशांनी कललेले आहेत. हा कल पाहण्यास उपकरण लागत नाही. नाशिकपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत ज्या थरांनी आडवेपणाची सवय लावली, तेच थर प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात मान तुकवितात, ही ह्या वाटेवरील सर्वांत नाट्यमय घटना होय. तिचा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. घाट उतरणारा भूशास्त्रज्ञ उंचीबरोबर काळातही खाली उतरत असतो. वरचे नवे थर मागे टाकून तो खालच्या जुन्या थरांत येतो. कल्याणच्या पुढे मात्र तो समुद्रसपाटीजवळ असूनही पुन्हा नव्या थरांत चढू लागतो, कारण पश्चिमेकडील कलामुळे वरचे थर त्याच्या पायाशी येतात. पायांना जो उतार वाटतो तो काळाच्या हिशेबात चढ ठरतो. उंची आणि वय ह्यांची घाटात जुळलेली जोडी येथे मोडते, आणि केवळ उंचीवर विसंबून काढलेले सर्व निष्कर्ष संशयास्पद होतात.

मग हे स्थित्यंतर नेमके कोठे आणि कसे होते, ह्याची समग्र मांडणी होण्यास इतका काळ का लागला? ह्याचे एक उत्तर ग्रंथांच्या शीर्षकांत सापडते. साइक्स ह्यांचा विषय 'दख्खन'. तो घाटाच्या कड्याशी संपतो. कार्टर आणि विन ह्यांचा विषय 'मुंबई बेट'. तो खाडीशी सुरू होतो. मधला कोकणपट्टा दोन्ही शीर्षकांच्या बाहेर पडला. प्रवासी तेथून जात होते; परंतु जाणे आणि निरीक्षणाचा विषय करणे ह्यांत अंतर असते. घाट उतरल्यावर जाणाऱ्याचे लक्ष शहराकडे लागते आणि येणाऱ्याचे घाटाकडे. नेमक्या ह्याच पट्ट्यात थर वाकले आहेत, आणि थरांना उभे छेदून वर आलेल्या व तेथेच थिजलेल्या लाव्ह्याच्या भित्ती दाटीने आढळतात. त्यांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातही विखुरलेल्या मिळतात. परंतु भित्ती आणि थरांची वाकण ह्या दोहोंचा एकत्र विचार करून जॉन बिकनेल ऑडेन ह्यांनी १९४९ साली जो निबंध लिहिला, त्यानेच ह्या पट्ट्याला भूशास्त्रात स्वतःचे नाव दिले : 'पनवेलची वाकण'. ऑडेन ह्यांच्या लेखनाचे श्रेष्ठत्व नव्या दगडाच्या शोधात नाही. इतरांनी वाट म्हणून ओलांडलेल्या भूमीला त्यांनी विषय मानले, ह्यात ते आहे.

४

दोन टोकांच्या मध्ये विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड (१८३२–१९०५) ह्यांचे स्थान आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील ट्रॅप आणि त्यांमधील गाळाचे थर ह्यांवरील त्यांचा वृत्तांत १८६७ सालचा. ब्लॅनफर्ड ह्यांचा विशेष तुलनेत आहे. एका प्रदेशातील पुरावा दुसऱ्या प्रदेशातील पुराव्यासमोर ठेवून, हे लाव्हा पाण्याखाली नव्हे तर उघड्या भूमीवर पसरले, हा निष्कर्ष त्यांनी भक्कमपणे मांडला. दोन थरांमधील तांबड्या मातीचे पट्टे, ज्यांना गावोगाव गेरूचे थर म्हणून ओळखतात, ते ह्या मताशी चांगले जुळतात; एक थर निवाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी पृष्ठभाग हवेत उघडा राहिल्याची ती खूण आहे. येथे वाटसरूचे निरीक्षण प्रथमच अनेक वाटांच्या बेरजेतून घडते.

तरीही दिशेचा प्रश्न उरतोच. मुंबईकडून येणाऱ्याला सह्याद्री भिंतीसारखा भेटतो. समोर मैदान, मागे समुद्र, आणि एकाएकी उभा राहिलेला कडा. अशा दृश्यातून, हा समुद्राने कापलेला प्राचीन किनाराच असावा, ही कल्पना सहज सुचते, आणि ती भूशास्त्रीय लेखनात दीर्घकाळ वावरलीही. नाशिकहून येणाऱ्याला मात्र भिंत दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने इगतपुरी ही पठाराची कड आहे. तेथे जमीन तुटते, एवढेच. शिवाय वाटेत त्याने एक विलक्षण गोष्ट पाहिलेली असते. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून केवळ ऐंशी किलोमीटरांवर असूनही त्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेस वाहत जाते. कड्याला आणि जलविभाजकाला एकत्र पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतो तो कडा कोणी कापला हा नव्हे. कडा मागे सरकत येथवर कसा आला, हा. आज सह्याद्रीच्या कड्याचा विचार बहुधा ह्याच अंगाने होतो : भूखंडाची कड तुटून पश्चिम किनारा तयार झाला आणि नंतरच्या झिजेने कडा पूर्वेकडे हटत गेला. ह्यावरून नाशिककडची दिशा खरी आणि मुंबईकडची खोटी असा निर्णय देणे उथळपणाचे ठरेल, कारण कोकणातील वाकण पाहण्यास मुंबईकडूनच यावे लागते. सिद्ध होते ते इतकेच, की दोन्ही दिशांनी प्रवास केल्यावाचून कोणतेही एक दृश्य पुरावा म्हणून स्वीकारू नये.

५

ओळखीचा जो मूळ प्रश्न वर सांगितला, त्याचे उत्तर १९८० नंतरच्या दशकात मिळाले. बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श ह्यांचा पश्चिम घाटातील बेसाल्टांवरील निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. घाटरस्त्यांच्या कापांत पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने घ्यावयाचे, त्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजावयाचे, आणि त्या प्रमाणावरून एका घाटातील थर दुसऱ्या घाटात ओळखावयाचा, ही ती पद्धत. डोळ्याला सारखे दिसणारे काळे थर रसायनात वेगळे निघाले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर ही गावे आणि स्थळे त्यामुळे शिलासमूहांची नावे झाली आणि त्यांचा एकत्रित उपगट कळसूबाईच्या नावाने ओळखला जाऊ लागला. फेल्स्पारचे मोठमोठे स्फटिक असलेले काही थर डोळ्यांनाही ओळखता येतात व सीमाचिन्हांसारखे उपयोगी पडतात. त्यांपैकी एकाला थळघाटाचे, तर एकाला चक्क 'बोगदा क्रमांक ५' असे नाव आहे.

ह्या नामकरणाचा चिकित्सकपणे विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. येथे वाटच शिलालेख झाली आहे. ज्या घाटाने प्रवासी उतरले, ज्या बोगद्यांतून गाड्या गेल्या, त्यांचीच नावे सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांना मिळाली. भूशास्त्राने वाटेचे ऋण नकळत मान्य केले, असे म्हणता येईल. किंबहुना हे सारे ज्ञान वाटेच्या बांधणीमुळेच शक्य झाले. पायवाटेवरून जाणाऱ्याला झिजलेला, शेवाळलेला, मुरमाने झाकलेला दगड दिसतो. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला, तेव्हा सुमारे १५ किलोमीटरांत सुमारे ३०० मीटर चढणाऱ्या, सदतिसास एक अशा चढाच्या मार्गासाठी डोंगर फोडावा लागला आणि ताजा खडक प्रथमच सलग उघडा पडला. पुढे मोटाररस्त्यांच्या कापांनी तोच लाभ अधिक सुलभ केला. पायवाट, लोहमार्ग, मोटाररस्ता ह्या तीन वाटांनी तीन प्रकारची निरीक्षणे शक्य केली.

मात्र रासायनिक पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिने ओळख डोळ्याकडून काढून प्रयोगशाळेकडे सोपविली. घाटात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला समोरचा थर कोणत्या समूहाचा हे आता पाहून नव्हे, तर कोष्टक वाचून कळते. ह्यात प्रगती आहे; परंतु नमुना कोठून उचलला ह्याची नोंद ढिली असेल, तर कोष्टक कितीही अचूक असले तरी ते निराधार राहते. निरीक्षणाचे शिस्तबद्ध वर्णन अनावश्यक झाले नाही, उलट त्याची जबाबदारी वाढली.

६

वाटेवरील निरीक्षणाच्या शेजारी स्थिर निरीक्षण ठेवून पाहिल्यास ही चर्चा पूर्ण होईल. नाशिक परिसरातील विहीर खणणारा माणूस एकाच जागी उभा राहून खाली जातो. त्याच्या बोलीत माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशी खडकांची नेमकी वर्गवारी आहे. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला, तुलनेने मऊ खडक. पाषाण म्हणजे घट्ट, सुरुंगाशिवाय न फुटणारा. साइक्स ह्यांनी डोंगराच्या बाजूवर पाहिलेला कठीण-मऊ थरांचा क्रम हाच विहिरीच्या बाजूवरही आहे, आणि खणणाऱ्याला तो पाण्यासाठी कळणे भाग असते. त्रिरश्मी डोंगरावर लेणी कोरणाऱ्या कारागिरांनीही हे जाणले असले पाहिजे, कारण पांडवलेणी डोंगराच्या कुशीत जवळजवळ एकाच पातळीवर रांगेने कोरलेली आहेत. कोरण्याजोगा थर निवडल्याचीच ही खूण दिसते. ह्या स्थिर निरीक्षकाला खोली ठाऊक आहे, विस्तार ठाऊक नाही. शेजारच्या विहिरीतील मांजऱ्या तोच की दुसरा, हे तोही सांगू शकत नाही. वाटसरूला विस्तार ठाऊक आहे, खोली नाही. दोघांपुढे प्रश्न एकच, ओळखीचा. परंतु शास्त्रीय लेखनाने वाटसरूची भाषा जेवढी स्वीकारली तेवढी विहिरीवरची भाषा स्वीकारली नाही, आणि मराठीतून भूशास्त्र लिहू पाहणाऱ्यांचे ह्यात मोठे नुकसान झाले आहे. इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द घडविताना, ज्या खडकासाठी गावात शब्द तयार होता, त्याचीही विचारपूस झाली नाही.

७

ह्या चिकित्सेला आज तातडीचे कारण आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. इगतपुरी आणि कसारा ह्यांच्यामध्ये सुमारे आठ किलोमीटरांचा जुळा बोगदा आता घाटाला पोटातून भेदतो. नाशिकहून मुंबईस जाणारा प्रवासी सह्याद्रीचा कडा काही मिनिटांत पार करतो, आणि ह्या मिनिटांत त्याला काँक्रीटच्या अस्तराखेरीज काहीही दिसत नाही. खडकाच्या इतक्या जवळून जाऊन खडक इतका अदृश्य असणे, असा प्रसंग ह्या वाटेच्या इतिहासात पूर्वी आला नव्हता. पायवाटेने झिजलेला दगड दाखविला, लोहमार्गाने व रस्त्याने ताजा काप दाखविला. बोगद्याची वाट प्रवाशाला दगड दाखवीतच नाही.

परंतु बोगदा खणला जात असता प्रत्येक टप्प्यावर त्याच्या मुखातील खडकाची नोंद ठेवण्याची अभियांत्रिकीत पद्धत आहे. सह्याद्रीच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारा असा सलग छेद साइक्स, ब्लॅनफर्ड वा ऑडेन ह्यांपैकी कोणालाही लाभला नव्हता. ह्या नोंदी कंत्राटाच्या कागदपत्रांत पडून राहिल्या, तर ह्या वाटेवरील सर्वांत मौल्यवान निरीक्षण वाचकाविना राहील. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी त्या नोंदी व नमुने मागवून जतन करावेत, आणि विद्यार्थ्यांच्या क्षेत्रवहीत थराच्या वर्णनाबरोबरच वाट, दिशा आणि छेदाचा प्रकार ह्यांचे रकाने आवश्यक करावेत. वाहने बोगद्यातून जाऊ लागली तरी अभ्याससहलींनी जुना घाट सोडू नये. तो घाट दोन्ही दिशांनी, एकदा उतरून आणि एकदा चढून, पाहिला जावा. आणि कल्याणच्या पुढे, जेथे शहर दिसू लागते आणि वह्या मिटल्या जातात, तेथे त्या उघड्या राहाव्यात.